शर्यतीची स्मृती : मुडबीपासून पुणे जिल्ह्याच्या घाटांपर्यंत

बसवकल्याणहून दक्षिणेला कलबुर्गीच्या दिशेने जाणारा रस्ता ज्या तांबड्या जांभ्याच्या पठारावरून उतरत जातो, त्या पठाराच्या कडेशी मुडबी हे बीदर जिल्ह्यातील गाव आहे. येथून पुढे माती हळूहळू काळी होऊ लागते आणि कलबुर्गी जिल्ह्याचा तुरीचा मुलूख सुरू होतो. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व 1956 च्या राज्यपुनर्रचनेत तो तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे गेला; त्यामुळे बाजारात कन्नड, घरात मराठी आणि व्यवहारात दखनी उर्दू, अशा तीन भाषा एकाच माणसाच्या तोंडी असणे या सीमाभागात स्वाभाविक मानले जाते. सणांचेही तसेच आहे. ज्येष्ठ पौर्णिमेला महाराष्ट्रात वटपौर्णिमा असते, तर बीदर-कलबुर्गीच्या या पट्ट्यात, आणि त्याला लागून असलेल्या उदगीर, निलंगा, अक्कलकोट या भागांतही, त्याच दिवशी बैलांचा सण असतो. त्याला कारहुणवी म्हणतात.

कारहुणवीच्या दिवशी बैलांना धुऊन, शिंगांना रंग देऊन, अंगावर झूल व गळ्यात घुंगुरमाळ घालून सजवले जाते, आणि संध्याकाळी गावच्या वेशीत कर बांधली जाते. कर म्हणजे लिंबाचा पाला, खोबरे वगैरे गुंफलेला, रस्त्यावर आडवा ताणलेला दोर. लांबून बैल पळवत आणायचे आणि जो बैल सर्वांच्या आधी ही कर तोडील तो त्या वर्षीचा मानकरी ठरायचा, असा हा प्रघात आहे. पांढरा बैल पुढे आला तर ज्वारीसारखी पांढरी पिके आणि तांबडा आला तर तांबड्या रंगाची पिके भरघोस येतील, असा अंदाजही त्यावरून बांधला जातो. दक्षिण महाराष्ट्रात बेंदराच्या दिवशी कर तोडण्याची जी चाल आहे ती याच कुळातली. धर्मविधी आणि पीकपाण्याचा अंदाज बाजूला ठेवून पाहिले तर जे उरते ते असे : सरळ रस्ता, थोडे अंतर, काही सेकंदांची धाव आणि एकच प्रश्न, की पुढे कोण.

या प्रश्नाभोवती जगात दुसरीकडे एक संपूर्ण यांत्रिक खेळ उभा राहिला आहे. ड्रॅग रेसिंग म्हणजे दोन गाड्यांनी शेजारीशेजारी उभे राहून, थांबलेल्या स्थितीतून एकदम सुटून, सरळ पट्टीवर ठरावीक अंतर कापण्याची शर्यत. हे अंतर परंपरेने पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर असते. अमेरिकेत 1951 साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन करून या खेळाला नियम दिले आणि 1955 साली कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. त्या खेळाच्या चाहत्यांपाशी जुन्या गाड्यांच्या आणि त्या गाड्या सांभाळणाऱ्या पथकांच्या ज्या आठवणी आहेत, त्यांचे सर्वांत जवळचे मराठी रूप शोधायचे तर ते मोटारींच्या जगात फारसे सापडत नाही. लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नावाने ड्रॅग शर्यती भरल्या, चेन्नईजवळच्या शोलावरम येथील युद्धकाळातल्या धावपट्टीवरच्या शर्यतींची आठवण जुने मोटारशौकीन काढतात. परंतु पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी, गावोगावच्या यात्रांना जोडलेली आणि माणसाच्या आयुष्यातील वर्षे मोजायला उपयोगी पडणारी स्मृती मराठी मुलखात बैलांच्या शर्यतीचीच आहे. मुडबीहून निघून तिच्या मागावर जाणे म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 65 धरून पश्चिमेला सोलापूर, तेथून माणदेश आणि पुढे पुणे जिल्ह्याचा उत्तर भाग, असा प्रवास करणे होय.

वाटेत पहिल्यांदा बसवकल्याण लागते. हे चालुक्यांचे कल्याण, आणि या प्रवासाच्या दृष्टीने येथील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास सिद्ध केलेल्या या संस्कृत कोशग्रंथात राज्यकारभार, पाकशास्त्र, संगीत यांच्या बरोबरीने राजाच्या मनोविनोदांची प्रकरणे आहेत. त्यांत मल्लांच्या कुस्त्या आहेत, हत्ती व घोड्यांचे मैदानी खेळ आहेत, मेंढ्यांच्या, रेड्यांच्या, कोंबड्यांच्या झुंजी आहेत. मैदान कसे असावे आणि प्राणी कसा निवडावा हेही तेथे सांगितले आहे. मराठी भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील जुन्या मराठी गीतांच्या अंशामुळे परिचित आहे, परंतु खेळाची नोंद ठेवण्याजोगी असते हे नऊशे वर्षांपूर्वी एका राजाला वाटले, ही गोष्ट तितक्याच मोलाची आहे. ज्या भूमीत ती नोंद झाली त्याच भूमीत आज कर तोडणाऱ्या बैलांची नावे कोणत्याही वहीत सापडत नाहीत.

या भागातील बैल मुख्यतः देवणी जातीचा. लातूर जिल्ह्यातील देवणीवरून हे नाव पडले असले तरी बीदर जिल्ह्यातील भालकी, बसवकल्याण, औराद हा पट्टाही तिच्या मूळ क्षेत्रातच मोडतो. अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेला शेवरा, सर्वांगाने पांढरा बाळंक्या आणि पांढऱ्या अंगाचा पण तोंडाच्या बाजूंनी काळा वानेरा, असे तिचे तीन प्रकार शेतकरी ओळखतात. देवणी गाय दुधाला चांगली आणि बैल ओढकामाला दणकट. वेगासाठी मात्र ही जात प्रसिद्ध नाही. कारहुणवीच्या धावेत तेच बैल पळतात जे दुसऱ्या दिवशी औताला जुंपले जातात, आणि म्हणून त्या धावेची आठवण ही गावापुरती, घरापुरती राहते. वेगाचा बैल पाहायचा तर सोलापूर ओलांडून माणदेशात जावे लागते.

सांगोला, आटपाडी, म्हसवड, खरसुंडी हा कमी पावसाचा माळरानी प्रदेश म्हणजे खिलार जातीचे घर. लांब, मागे वळून वर गेलेली शिंगे, निमुळते तोंड, घट्ट अंग आणि चटकन बिथरणारा स्वभाव ही तिची लक्षणे होत. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेतील जनावरांच्या बाजारात या जातीची पारख करणारे लोक बैलाच्या दातांवरून त्याचे वय सांगतात आणि शर्यतीतील गटही त्यावरूनच पडतात : दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन दात आलेला तो दुसा, चार दातांचा चौसा. सातारा-सांगलीच्या शर्यतीत हलक्या छकड्याला दोन बैल जुंपलेले असतात, छकड्यावर ड्रायव्हर असतो, अनेक गाड्या एकाच वेळी सुटतात आणि गट, सेमीफायनल, फायनल असे टप्पे पार करत निकाल लागतो. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतील हिंदकेसरी शर्यत या पद्धतीतील मानाची गणली जाते. विदर्भात हाच खेळ शंकरपट या नावाने चालतो व अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट त्यात नावाजलेला आहे. ही सर्व रूपे मोठी आहेत. तथापि ड्रॅग रेसिंगशी ज्याचे नाते सर्वांत जवळचे, ते रूप जुन्नर, आंबेगाव, खेड आणि मावळ या तालुक्यांत आढळते.

तेथे शर्यतीच्या मैदानाला घाट म्हणतात. घाट म्हणजे खालून वर चढत जाणारी, दोन्ही बाजूंनी लोक उभे राहतील अशी राखलेली मातीची सरळ पट्टी. गाड्याला चार बैल जुंपतात, गाड्यावर माणूस बसत नाही आणि बैलांच्या पुढे घोडीस्वार आपली घोडी फेकतो. बैल त्या घोडीमागे घाट चढून जातात. एका धावेला बारी म्हणतात. एका वेळी एकच गाडा पळतो, त्यामुळे लढत शेजारच्या गाड्याशी होत नाही, ती घड्याळाशी होते. पूर्वी हातातल्या घड्याळावर आणि आता अनेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक घड्याळावर सेकंदांचे अंश मोजले जातात, आणि चांगली बारी अकरा-बारा सेकंदांत संपते. सर्वांत कमी वेळेचा गाडा घाटाचा राजा ठरतो. यात्रेच्या दिवसभरात शेकडो बाऱ्या होतात, म्हणजे प्रत्येक मालकाच्या वाट्याला वर्षभराच्या खुराकाच्या, सरावाच्या आणि वाहतुकीच्या खर्चाच्या बदल्यात येतात ते हे अकरा-बारा सेकंद.

इतकी आखूड धाव डोळ्यांना पुरत नाही, म्हणून ती सांगण्यातून पुरी केली जाते. कोणत्या घाटाला, कोणत्या यात्रेत, कोणाच्या बैलाने किती सेकंदांत बारी केली, पुढच्या जोडीत कोण होता, मागच्या जोडीत कोण, घोडी कोणाची, हे शौकीन वर्षानुवर्षे घोकत असतात. घाटावरचा समालोचक या स्मृतीचा मोठा राखणदार होय, कारण गाडा जुंपला जात असतानाच्या मोकळ्या वेळात तो ध्वनिक्षेपकावरून मालकाचे गाव, बैलाचा पूर्वेतिहास आणि आधीच्या विजयांची यादी सांगत राहतो. शर्यतीत नाव काढलेला बैल मेला तर त्याची दशक्रिया घालणारे, कीर्तन ठेवणारे आणि शेताच्या बांधावर त्याची समाधी बांधणारे मालक या तालुक्यांत आहेत. शहरी वाचकाला हे अतिरेकी वाटण्याचा संभव आहे, पण ज्या घराची ओळख चार-पाच वर्षे एका जनावराच्या नावाने तालुकाभर झाली, त्या घराने त्याला माणसाचे विधी द्यावेत यात विपरीत असे काही नाही.

आता अमेरिकेकडे पाहावे. तेथील ड्रॅग शर्यतींतील सर्वांत वरच्या वर्गाच्या गाड्या नायट्रोमिथेन हे स्फोटक इंधन जाळतात, त्यांची शक्ती आज सुमारे 11,000 अश्वशक्तीपर्यंत जाते आणि त्यांची धाव चार सेकंदांच्या आत आटोपते. एका धावेत इंजिन इतके झिजते की दोन फेऱ्यांच्या मध्ये पथकातील माणसे ते पूर्ण उघडून, भाग बदलून, तासा-दीड तासात पुन्हा उभे करतात. या खेळात प्रेक्षकाच्या तिकिटावरच गाड्यांच्या तळापर्यंत जाण्याची मुभा असते, त्यामुळे हे सगळे काम चाहत्याच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर होते. तेथील चाहत्यांना गाडीइतकीच पथकातील माणसांची नावे का आठवतात, याचे कारण येथे आहे. डॉन गार्लिट्स या फ्लोरिडाच्या चालकाच्या ‘स्वॅम्प रॅट’ या नावाच्या एकामागून एक बांधलेल्या गाड्यांची गोष्ट त्याचा उत्तम दाखला ठरेल. 8 मार्च 1970 रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स पट्टीवर त्याच्या गाडीचा पायांशी असलेला गिअरखोका फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि उजव्या पावलाचा काही भाग गेला. तोपर्यंत इंजिन बहुधा चालकाच्या पुढे असे. इस्पितळातून बाहेर आल्यावर गार्लिट्सने इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी बांधायला घेतली, टी. सी. लेमन्स आणि कॉनी स्विंगल हे त्याचे दोन सहकारी त्या कामात होते. ती गाडी सुरुवातीला सरळ धावेना, तेव्हा स्टिअरिंगची चाल संथ करण्याचा उपाय स्विंगलने सुचवला आणि गाडी सरळ धावू लागली. 1971 च्या आरंभी पोमोना येथे ती जिंकली व पुढे काही वर्षांत या वर्गातल्या जवळजवळ सर्व गाड्या त्याच रचनेच्या झाल्या. जुने चाहते ही गोष्ट सांगताना गार्लिट्सबरोबर स्विंगलचे नाव घेतात. 1973 मध्ये या वर्गाचा परवाना मिळवणारी पहिली स्त्री शर्ली मल्डाउनी हिची तीन विजेतेपदे सांगताना, तिच्या गाडीची यंत्रे राखणाऱ्या रॅन टोब्लरचेही नाव निघते.

त्या देशाने ही स्मृती केवळ तोंडावर सोडलेली नाही. गार्लिट्सने 1984 साली ओकाला येथे ड्रॅग रेसिंगचे संग्रहालय उघडले, त्याची एक गाडी 1987 मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडे गेली, आणि कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड येथे 1992 पासून जुन्या गाड्यांचा व माणसांचा मेळावा भरू लागला, ज्यात पन्नास-साठ वर्षांपूर्वीची इंजिने केवळ आवाज ऐकण्यासाठी पुन्हा पेटवली जातात. तेथील गाड्यांना साप, मुंगूस, दलदलीतला उंदीर अशी जनावरांची नावे होती. सांगली जिल्ह्यात नोव्हेंबर 2025 मध्ये बोरगाव येथे झालेल्या श्रीनाथ केसरी शर्यतीत फॉर्च्युनर मोटार जिंकणाऱ्या बैलांची नावे हेलिकॉप्टर बैज्या आणि ब्रेकफेल अशी होती. वेगाचे वेड एकच असल्याने यंत्राला जनावर आणि जनावराला यंत्र शोभून दिसते. बोरगावची शर्यत दोनदा महाराष्ट्र केसरी ठरलेले मल्ल चंद्रहार पाटील यांनी भरवली होती; 2023 मध्ये भाळवणीच्या रुस्तुम-ए-हिंद शर्यतीत थार मोटार जिंकणारी बकासूर आणि महिब्या ही जोडीही अशीच घरोघर माहीत झाली. मे 2022 मध्ये पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे जेसीबी यंत्र पहिले बक्षीस म्हणून लावले गेले होते.

या उत्साहामागे सात वर्षांची बंदी आहे. केंद्र सरकारच्या जुलै 2011 च्या अधिसूचनेने बैलाचा समावेश प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत झाला आणि 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबरच बैलगाड्यांच्या शर्यतीही थांबवल्या. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी 2017 मध्ये कायद्यात दुरुस्त्या केल्या. कर्नाटकाच्या दुरुस्तीत किनारपट्टीच्या कंबळा या रेड्यांच्या शर्यतीबरोबर बैलांच्या व बैलगाड्यांच्या शर्यतीही आल्या. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील शर्यतींना अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने जल्लीकट्टूचे तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. बंदीला कारण होते हे मान्य केलेच पाहिजे. बैलाला टोचण्या, विजेचे झटके आणि मादक पदार्थ देण्याचे प्रकार झाले होते, आणि ज्यांनी ते केले त्यांनी या खेळाचे सर्वांत मोठे नुकसान केले. आज नियमांत अशा साधनांना मनाई आहे. ती पाळली जाते की नाही हे पाहणे प्रत्येक यात्रा समितीचे कर्तव्य होय, आणि ज्या समितीला हे झेपत नसेल तिने शर्यत भरवू नये. शर्यतीच्या बैलाची उमेद फार तर काही वर्षांची असते, तेव्हा सात वर्षांच्या या खंडात बैलांची एक पूर्ण पिढी घाट न पाहता म्हातारी झाली. त्या काळात शौकिनांनी खेळ जिवंत ठेवला तो जुनी छायाचित्रे, यात्रांच्या पावत्या आणि मोबाइलवरची धूसर चित्रणे एकमेकांना दाखवून.

मात्र या स्मृतीत एक मोठी उणीव आहे. ती घाटावर जितकी दिसते तितकीच मुडबीच्या वेशीतही दिसेल. बैलाचे नाव राहते, मालकाचे राहते, गावाचे राहते. बैलाला पहाटे चारा टाकणारा, त्याच्या खुराकातले उडीद भरडणारा, त्याच्या खुरांना लागलेला खडा पाहणारा आणि शर्यतीच्या वेळी अंग झोकून देऊन त्याला गाड्यापाशी धरणारा माणूस मात्र नावाने राहत नाही. मराठवाड्यात आणि या सीमाभागात वर्षाच्या बोलीवर शेतकऱ्याकडे राहणाऱ्या मजुराला सालगडी म्हणतात. बैल वाढवायचा तो त्याने. कारहुणवीला कर तोडली म्हणून गुलाल उधळला जातो तो मालकाच्या वाड्यावर. कित्येक गावांत मानाची पहिली जोडी पाटलाची असते, तेव्हा कोणत्या घराचा बैल पुढे गेला हे गाव सांगू शकते, परंतु कासरा हातात धरून त्या बैलाबरोबर धावणारा कोण होता, हे बहुधा त्याच्या स्वतःच्या घरातच माहीत असते. पुण्याच्या घाटात घोडीस्वाराला काही प्रमाणात कीर्ती मिळते, सातारा-सांगलीत ड्रायव्हरला मिळते, कारण ते प्रेक्षकांना दिसतात. गोठ्यातला माणूस दिसत नाही. अमेरिकेतील चाहत्यांना स्विंगलचे नाव आठवते त्याचे श्रेय त्यांच्या मनाच्या थोरवीला जितके आहे, त्याहून अधिक ते त्या व्यवस्थेला आहे, जिने पथकाचे काम उघड्यावर आणले आणि नंतर ते लिहून ठेवले.

हे काम येथे अवघड नाही. शर्यतीची नोंदणी आता नियमानुसार कागदावर होते, मालकाचे नाव व बैलाची माहिती द्यावी लागते. त्याच कागदावर बैल सांभाळणाऱ्याच्या नावाची एक ओळ वाढवता येईल, आणि समालोचकाने ती ध्वनिक्षेपकावरून वाचावी. बीदर येथे 2004 पासून कर्नाटकाचे पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. देवणी जातीच्या शास्त्रीय अभ्यासाबरोबर गावोगावच्या कारहुणवीतील बैलांची, त्यांच्या वंशाची आणि त्यांना वाढवणाऱ्या माणसांची तोंडी माहिती तेथे गोळा होऊ शकेल. ट्रॅक्टर आल्यापासून बैलजोडी ठेवणारी घरे कमी होत चालली आहेत, आणि ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच्या धावा पाहिल्या ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. तेव्हा मुडबीच्या परिसरात असो की खेड-जुन्नरच्या, ज्या वाचकाच्या घरी सजवलेल्या बैलाचे जुने छायाचित्र असेल त्याने ते भिंतीवरून उतरवावे, त्यातील कासरा धरलेला माणूस कोण हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, आणि त्याचे नाव, गाव व वर्ष छायाचित्राच्या मागे शाईने लिहून ठेवावे.